हिंगण्याची राखण

कॉम्प्युटरवर काम केलेल्या माणसांकडे किस्से फार साठतात. दिवसभर समोर मशीन, त्याला सांगून उपयोग नाही. घरी येऊन सांगावं तर आधी मशीन समजावून सांगावं लागतं आणि तोवर ऐकणाऱ्याचं जेवण होऊन जातं. माझ्या घरी तर पुढे पुढे ऐकणारंच कोणी उरलं नाही, त्यामुळे माझा साठा जरा जास्तच आहे. आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर त्यातले थोडे काढते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. शहराबाहेर, हिंगण्याच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप बनवणारा आमचा कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तो नाहीही. त्यात एक कॉम्प्युटर विभाग होता आणि विभागात आम्ही तिघं. देवतळे साहेब प्रमुख, पन्नाशीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, शहरात रामदासपेठेत एकटे राहायचे. बोलणं अगदी कमी. दुसरा गावंडे, दारव्ह्याकडच्या एका खेड्यातला, घरची शेती, बी.एस्सी. करून इथे लागलेला. साहेब जितके कमी बोलत तितकं हा भरून काढायचा. तिसरी मी, वसुधा. हिंगण्याच्या वाटेवर, प्रताप नगरात आई आणि मी राहायचो.

आमची खोली कारखान्यातली एकमेव एसी खोली. मे महिन्यात कारखान्यातल्या यच्चयावत माणसांना कॉम्प्युटरबद्दल शंका असायच्या. पावसाळा लागला की सगळ्यांना सगळं समजलेलं असायचं.

*

सुरुवात शिफ्टच्या तक्त्यापासून झाली.

कोणता कामगार कोणत्या शिफ्टला आणि कोणत्या बसने, हे छापणारा एक प्रोग्रॅम होता. एका दुपारी मी त्यात पेंट शॉपची बदललेली, दुपारची शिफ्ट घातली. त्याच दुपारी, त्याच फाइलमध्ये, पलीकडच्या टर्मिनलवर, म्हणजे त्याच मशीनला जोडलेल्या दुसऱ्या पडद्यावर, गावंडे बसचे नवे स्टॉप घालत होता. मला ते माहीत नव्हतं, त्याला माझं माहीत नव्हतं. मी फाइल सेव्ह केली. नंतर त्याने केली. त्याची फाइल माझ्या फाइलवर बसली आणि माझं काम गेलं.

सोमवारी सगळं पेंट शॉप पहिल्या शिफ्टला हजर. प्रताप नगरच्या स्टॉपवर कंपनीची बस आली तेव्हा दारात माणसं लटकत होती, आणि दुपारच्या शिफ्टला पेंट शॉपमध्ये पंखे फिरत होते, माणूस नाही.

वर्क्स मॅनेजर त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या खोलीत आले, तेही बूट न काढता. चूक कोणाची, एवढंच त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत गावंडे उठून उभा राहिला. "साहेब, ताईनं बी बरोबर केलं होतं आन मी बी बरोबर केलं होतं. म्हणूनच तं झालं."

मॅनेजरांना काही कळलं नाही. पण देवतळे साहेबांनी चष्मा काढून गावंडेकडे पाहिलं. त्यांना त्याचं उत्तर पटलेलं दिसलं.

*

दुसऱ्या दिवसापासून साहेब स्वतःच्या टर्मिनलवर काहीतरी लिहायला लागले. परदेशात म्हणे अशी सोय असते, की प्रोग्रॅमची फाइल एका वेळी एकानेच घ्यायची, काम करायचं, परत ठेवायची. आधीचं रूपही मशीन जपून ठेवतं, म्हणजे नवं बिघडलं तर जुनं काढता येतं. आमच्या मशीनबरोबर ती सोय आलेली नव्हती. ज्या जाड पुस्तकात तिचा उल्लेख होता, त्यातही पानभरच माहिती होती. तेवढ्यावर साहेबांनी ती आपल्या हाताने बांधली.

तेव्हा पडद्यावर चित्रंबित्रं काही नसायची, माउस तर आम्ही पाहिलाही नव्हता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आपण एक हुकूम टाइप करायचा, मशीन एक ओळ उत्तर देणार. साहेबांनी हुकूम ठेवले ते असे: घे, ठेव, दाखव, फरक. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी.

मराठी का, असं मी विचारलं. मला वाटलं होतं भाषेबद्दल काही ऐकायला मिळेल. साहेब म्हणाले, "इंग्रजीतले छोटे शब्द मशीनने आधीच वापरून टाकलेत."

नाव मात्र गावंडेने दिलं. त्यांच्याकडे ज्वारी कणसात आली की पाखरांपासून, डुकरांपासून वाचवायला कोणीतरी मचाणावर राखण करत बसतं. "साहेब, हे बी तेच करून राहिलं," तो म्हणाला. तेव्हापासून ती राखण.

पहिली राखण फार तुसडी होती. काही चुकलं की पडद्यावर नुसतं एक प्रश्नचिन्ह उमटायचं. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. गावंडेने एकदा काहीतरी टाइप केलं, प्रश्नचिन्ह आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तो खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे वळला.

"ताई, मी याले विचारून राहिलो का हे मले विचारून राहिलं?"

साहेबांनी ते ऐकलं. हळूहळू त्यांनी राखणीला बोलायला शिकवलं. 'अशी फाइल सापडली नाही, नाव एकदा तपासता का?' 'ठेवली. आता निर्धास्त असा.' मीच एक दिवस गावंडेला म्हटलं, साहेब आपल्याशी बोलत नाहीत ते सगळं यात बोलतात. तो म्हणाला, "मग आपण रोज चुकत जाऊ ना ताई."

*

हुकमापुढे उणे चिन्ह टाकून एखादं अक्षर दिलं की हुकमाची तऱ्हा बदलायची. 'घे' म्हटलं तर एक फाइल, 'घे', मग उणे, मग 'एस' म्हटलं तर त्या कामाच्या सगळ्या फाइली. 'एस' म्हणजे सगळं.

स्टोअर्समध्ये एक टर्मिनल होतं आणि त्यावर ठाकरे म्हणून एक अगदी मनापासून काम करणारे क्लार्क बसत. एकदा त्यांना सगळ्या फाइली हव्या होत्या. गावंडेने त्यांना इंटरकॉमवर हुकूम सांगितला, "लिहा, घे, वजा, सगळं."

पलीकडे शांतता. गावंडेने पुन्हा सांगितलं. पुन्हा शांतता. शेवटी ठाकऱ्यांचा आवाज आला, तो आम्हाला लांब बसूनही ऐकू आला.

"गावंडे, असं नका करायला लावू मले. सगळं वजा केल्यावर उरन काय?"

आम्ही दोघं हसून हसून टेबलावर पडलो. साहेब हसले नाहीत. खिडकी नसलेल्या त्या खोलीत खिडकी असती तर तिच्यातून पाहावं तसे ते भिंतीकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनीच इंटरकॉम उचलला आणि ठाकऱ्यांना सांगितलं की काही जात नाही, फक्त ते एक चिन्ह आहे. बराच वेळ सांगत होते. एवढं बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

*

मग साहेबांनी सवयीची फाइल आणली.

प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी. मला पडद्यावर थोड्या थोड्या ओळी लागायच्या, गावंडेला धडाधड सगळं. तर ज्याने त्याने आपापली आवड एका लहानशा फाइलीत लिहून ठेवायची. राखण सुरू झाली की आधी ती वाचणार आणि तसं वागणार. त्या फाइलीचं नाव 'सवय'.

त्यात राखणीने आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी हेही लिहिता यायचं. गावंडेने ताबडतोब लिहिलं, 'गावंडे साहेब'. झालं. 'गावंडे साहेब, फाइल घेतली.' 'गावंडे साहेब, आता निर्धास्त असा.' हा दिवसभर खूश. मुद्दाम जोरात वाचायचा.

दोनेक दिवसांनी देवतळे साहेब त्याच्या मागून जात होते. थांबले, पडदा वाचला, आपल्या जागेवर गेले. चहा आला तेव्हा स्वतः उठून कप घेऊन गावंडेच्या टेबलापाशी आले आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "गावंडे साहेब, चहा."

चहा संपायच्या आत सवय बदललेली होती. नंतर राखण त्याला नुसतं 'गजानन' म्हणायची. घरी त्याला त्या नावाने हाक मारणारी एक त्याची आईच होती, आणि ती तो कॉलेजात असतानाच गेली होती. हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

*

सवयीची फाइल माणसागणिक एक, आणि शिवाय एक सगळ्या विभागाची मिळून. तिला आम्ही 'घरची सवय' म्हणायचो. नवा माणूस आला, त्याने स्वतःचं काहीच लिहिलं नसलं, तर घरची लागू.

गावंडेने विचारलं, "आन साहेब, घरचं एक म्हणते आन आपलं एक, तं मशीननं कोणाचं आयकायचं?"

"तुमचं," साहेब म्हणाले. "घरचं फक्त तिथे, जिथे तुम्ही काही बोललाच नाहीत."

गावंडेचं टाइप करणं थांबलं. हे इतकं विरळ होतं की मी मान वर करून पाहिलं. त्या दिवसांत गावी त्याच्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी वडिलांनी ठरवून टाकलेली, हा नुसता मान खाली घालून येत होता.

"साहेब," तो म्हणाला, "एवढं माह्या बापाले सांगता का?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"नाही."

"मग घरचंच लागू होणार."

पुढच्या रविवारी गावंडे गावाला जाऊन बोलून आला. काय बोलला ते कळलं नाही. मुलगी तीच राहिली, पण लग्न वर्षभर पुढे गेलं आणि त्या वर्षात दोघं एकमेकांना भेटले. तिला भेटून परत आल्यावर तो मला म्हणाला की मुलगी चांगली आहे, उगाच भांडलो.

*

माझी आई त्याच वर्षी गेली. फार काही झालं नव्हतं, ताप होता, मग छातीत भरलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं आणि आठवडाभरात संपलं. तेरावं करून मी कामावर आले. भाऊ भोपाळहून आला होता, तो परत गेला. घरात मी आणि आईचा रेडिओ.

कामावर सगळ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि परत गेले. मी टर्मिनलवर बसले, राखण सुरू केली. पडद्यावर ओळ आली, 'ताई, जेवली का?'

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. बाहेर पडून पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. माझ्या सवयीच्या फाइलीत कोणीतरी सुरुवातीची ओळ घातली होती. कोणी, हे विचारायची गरज नव्हती. गावंडे तिकडे एकदम कामात गढून गेल्यासारखा टाइप करत होता.

मी डबा आणला नव्हता. त्याने आपला अर्धा डबा माझ्याकडे सरकवला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि त्यात एवढं तिखट, की डोळ्यांतून पाणी आलं तरी कोणाला काही सांगावं लागलं नाही.

ती ओळ मी काढली नाही.

*

थंडीत मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक अधिकारी पाहणीला आले. सूट, टाय, आणि मराठी असूनही इंग्रजीच. देवतळे साहेबांनी त्यांना राखण दाखवली. जुनी फाइल कायमची काढून टाकायची असली की ती विचारायची, 'खात्री आहे का?' होय असेल तर एच दाबायचं, हो मधला एच. नाही असेल तर एन. दुसरं काहीही दाबलं तर राखण ते नाहीच धरायची. नकळत हात लागून काही जाऊ नये, म्हणून.

अधिकाऱ्यांना स्वतः करून पाहायचं होतं. त्यांनी सवयीने येसमधला वाय दाबला.

'बरं, राहू द्या,' राखण म्हणाली.

त्यांनी पुन्हा केलं. कॅपिटल वाय. 'बरं, राहू द्या.' मग त्यांनी अख्खा येस टाइप केला, एकेक अक्षर जोरात दाबून. 'बरं, राहू द्या.'

त्यांचे कान लाल झाले. हे मशीन मला नाही म्हणतंय का, त्यांनी विचारलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "नाही म्हणत नाही सर. तुमची खात्री आहे असं त्याला अजून वाटत नाहीये."

गावंडे पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पळाला.

ते तिथून उठले आणि माझ्या टर्मिनलपाशी आले. नेमकी मी राखण सुरू करत होते. त्यांनी पडदा वाचला. पुन्हा वाचला. कंपनीच्या मशीनवर हा जेवणाचा प्रश्न काय म्हणून, असं त्यांनी मला विचारलं. आवाज चढलेला होता. साहेब मागे उभे होते. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं आणि खरं उत्तर त्या माणसाला द्यायची माझी इच्छा नव्हती.

"सवय आहे सर," मी म्हटलं.

पाहणीचा अहवाल आला त्यात आमच्याबद्दल काही बरं लिहिलेलं नव्हतं. काम चाललंय, पण विभागात शिस्त कमी आहे, आणि तिथे तीन माणसांची गरज नाही, असा एकूण सूर. तेव्हा आम्ही त्यावर हसलो.

*

पुढच्या पावसाळ्याआधी गावंडेला गावाहून निरोप आला. वडील शेतातच पडले होते, एक बाजू लुळी पडली. तो टर्मिनलवरून उठला तसाच बसस्टँडला गेला. जाताना म्हणाला, दोन दिवसांत येतो.

शिफ्टच्या तक्त्याची फाइल त्याच्याकडे होती. त्याने घेतलेली, अर्धं काम केलेलं, परत ठेवलेली नाही. आम्ही मागितली, अगदी तिचं जुनं रूप मागितलं, तरी राखण सांगायची, 'गजानन यांच्याकडे आहे.' आणि कारखान्यात नव्या शिफ्टा लागू व्हायच्या होत्या, त्या फाइलीशिवाय तक्ता निघणार नव्हता.

साहेबांना ती सोडवून घेता आली असती. मशीनचे सगळे अधिकार त्यांच्याकडेच होते. पण तसं केलं तर गावंडेचं अर्धं काम पुसलं गेलं असतं, आणि ते त्याला न विचारता करायचं नाही, यावर साहेब अडून बसले. मॅनेजर रोज विचारत होते. शेवटी साहेबांनी गावंडेच्या गावच्या पोस्टात ट्रंक कॉल लावायचं ठरवलं. तिथे तेवढा एकच फोन. कॉल बुक केला, पोस्टमास्तरांनी माणूस पाठवला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा घंटी वाजली तेव्हा पलीकडे गावंडे होता.

मी शेजारीच उभी होते. साहेबांनी विचारलं, वडील कसे आहेत. मग विचारलं, बोलतात का. जेवण जातंय का. डॉक्टर कुठला आहे, यवतमाळला नेलं का, हात थोडा तरी हलतो का. गावंडे काय सांगत होता ते मला ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज येत होता, आणि तो आवाज नेहमीचा नव्हता. साहेब म्हणाले, मालीश चालू ठेवा, सोडू नका. माझ्या सौभाग्यवतींच्या वेळी मी लवकर सोडलं. मग म्हणाले, तुम्ही जेवत जा. तेवढ्यात मधला ऑपरेटर बोलला आणि कॉल तुटला.

साहेबांनी रिसीव्हर ठेवला.

"साहेब, फाइलचं?" मी म्हटलं.

त्यांनी फोनकडे पाहिलं. "अरे हो," म्हणाले.

दुसऱ्यांदा कॉल लावला नाही. जुना छापील कागद काढून, समोर ठेवून, साहेबांनी तो अख्खा प्रोग्रॅम नव्याने टाइप केला, वेगळ्या नावाने. मी म्हटलं, अर्धा मी करते. नको म्हणाले. तक्ता वेळेवर निघाला. गावंडेचं अर्धं काम होतं तिथेच, होतं तसं राहिलं.

तो परत आला नाही. वडील वाचले, पण उठून बसण्यापलीकडे सुधारले नाहीत, आणि शेत पाहायला दुसरं कोणी नव्हतं. राजीनामा पोस्टाने आला. लग्नाचं बोलावणंही आलं. मी आणि साहेब दोघं गेलो होतो. मांडवात तो आम्हाला पाहून पळतच आला, साहेबांच्या पाया पडला. मग बायकोला बोलावून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या ताई. यायले आधी जेवाले वाढ."

*

मुंबईच्या अहवालाचं पुढे व्हायचं ते झालंच. हिशेबाचं काम शहरातल्या ऑफिसात हलवलं, नवे छोटे कॉम्प्युटर आले, आणि माझी बदली तिकडे झाली. ऑफिस रामदासपेठेत.

म्हणजे बघा, साहेब रामदासपेठेत राहून हिंगण्याला जायचे आणि मी हिंगण्याच्या वाटेवर राहून रामदासपेठेला. सकाळी प्रताप नगरच्या स्टॉपवर मी शहराच्या बसची वाट पाहत उभी असायची तेव्हा समोरून कंपनीची बस यायची. साहेब ठरलेल्या खिडकीत. ते हात वर करायचे, मीही करायची. रविवार सोडून रोज. एवढंच आमचं बोलणं.

नव्या ऑफिसात पंधरावीस माणसं होती. चांगली होती. नव्या मशीनवर काही चुकलं की इंग्रजीत एक ओळ यायची, तिच्यात एक आकडा असायचा, आणि तो आकडा पुस्तकात शोधायचा. डबा मी टेबलावरच खायची.

काही महिन्यांनी स्टोअर्सचा जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर लागणार होता. तो हिंगण्यालाच होता. मी म्हटलं, मी जाऊन आणते.

खोली तशीच होती, थंडगार. तीन टर्मिनलांपैकी दोनांवर कापडी खोळ घातलेली. साहेब तिसऱ्यासमोर बसले होते. केस अजून पांढरे झाले होते. मला पाहून उठले, चहा सांगितला, माझ्या जुन्या टर्मिनलवरची खोळ काढली, घडी घालून बाजूला ठेवली. धूळ नव्हती. खुर्ची पुसायला त्यांनी रुमाल काढला, मी नको नको म्हणेपर्यंत पुसूनही झाली.

मी बसले. माझं नाव टाकलं, ते अजून चालत होतं, 'ताई, जेवली का?' ही ओळही. स्टोअर्सची फाइल मागितली.

'ती तुमच्याकडेच आहे,' राखण म्हणाली.

मला वाटलं बदलीच्या गडबडीत माझ्याकडून परत ठेवायची राहिली असेल. पण फाइल कधी घेतली तेही राखण दाखवायची. मी पाहिलं. गेल्या मंगळवारी. गेल्या मंगळवारी मी रामदासपेठेत होते. दुसऱ्याच्या नावावर फाइल घ्यायची सोय त्या मशीनवर फक्त देवतळे साहेबांकडे होती.

मी पगाराची फाइल मागून पाहिली. 'ती तुमच्याकडेच आहे.' हजेरीची मागितली. तीही माझ्याकडेच होती.

चहा आला. साहेबांनी एक कप माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला, आणि आपल्या खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत राहिले. माझ्या पडद्याकडे.

"साहेब," मी म्हटलं, "या फाइली माझ्या नावावर आहेत."

"हो," ते म्हणाले.

"परत ठेवू का? तुम्हाला काम करायला लागत असतील."

बाहेर पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. साहेबांनी कप खाली ठेवला.

"घाई नाही वसुधाबाई," ते म्हणाले. "तुमचं होऊ द्या सावकाश."